चालवणारीसकट गाडी

अक्षदा माझ्या वरच्या खोलीत भाड्यानं राहते. गाव खोडद, नोकरी तळेघरकडच्या एका आरोग्य उपकेंद्रात, नर्सची, तीही कंत्राटी. घोडेगावहून वर जाणारी सकाळची एसटी कधी येते, कधी येतच नाही. उशिराबद्दल तिला ताकीद मिळाली होती. पुन्हा उशीर झाला तर कंत्राट संपलं, इतकं स्पष्ट. म्हणून पोरीनं गाडी घ्यायचं ठरवलं. हौस नव्हती. हौसेला लागतं तेवढं त्राण तिच्यात नसतंच. संध्याकाळी येते ती आधी जिन्यावर बसते, मग वर चढते.

मंचरला जुन्या गाड्या बघायला मी तिच्याबरोबर गेले. पहिलीच गाडी लालचुटुक. विकणारा म्हणाला, "डॉक्टर मॅडम वापरत होत्या, आजी. एकदम लोणी!" मी पायाखालचं मॅट उचललं. खाली गंज आणि ओल.

"लोण्याला पाणी सुटलंय," म्हटलं आणि पुढे निघाले.

अशा बऱ्याच बघून शेवटी एका निवृत्त पोस्टमास्तरांची राखाडी गाडी घेतली. छोटी, एसी बंद, दिसायला रटाळ. पण इंजिन धड आणि घाट न कुरकुरता चढणारी.

विम्याचा एजंट समर्थ म्हणाला, "थर्ड पार्टीवर भागवा ताई. सक्तीचा तेवढाच आहे."

"आणि माझीच गाडी ठोकली तर?"

"ती तुमची तुम्ही दुरुस्त करायची."

"मग तवर कामाला उडत जाऊ?"

तिनं पूर्ण विमा घेतला. एसीची दुरुस्ती राहिली. जाताना समर्थनं बजावलं, "बिनलायसनवाल्याच्या हातात देऊ नका. काही झालं तर कंपनी तुमच्या गाडीची दमडीही देणार नाही."

महिना झाला नाही तोच तिचे चुलते, संपतकाका, दारात हजर. त्यांच्या सुदर्शनचं लग्न होतं. भावकीत कुणाचीही गाडी असो, नवरदेवासाठी ती मागायची नसते, न्यायचीच असते.

"चावी दे, अक्षे. आपला शौर्य चालवील."

"शौर्यकडं लायसन न्हाई, काका."

"अगं, ट्रॅक्टर चालवतोय की दोन वर्सं!"

"ट्रॅक्टरचं तरी कुठंय?"

काका माझ्याकडे वळले. "बघा बाई, नोकरी लागली की पोरी अशा बोलत्यात."

"बरोबर बोलतेय," मी म्हणाले. "ठोकली तर सोमवारी तिला तुम्ही पाठीवर नेणार का?"

अक्षदा मात्र भांडली नाही. ड्यूटी आटपून आलेली, तोंड सुकलेलं. म्हणाली, "चावी न्हाई देणार. नवरदेवाला मीच नेते."

"नवरदेवाची गाडी पोरगी चालवणार? पावणं काय म्हनतील?"

"म्हणतील, घरात लायसन काढलेली एकटीच आहे," मी म्हटलं.

काका चहा न घेता गेले. पण दुसरी गाडी मिळाली नाही.

लग्नाला मलाही तिनं पुढच्या सीटवर बसवलं. मारुतीच्या देवळापासून मांडवापर्यंत मुंगीच्या पावलानं मिरवणूक; समोर नाचणारी पोरं, सतत क्लच दाबून धरलेला, जळका वास सुटलेला.

मागून फेट्यातला सुदर्शन म्हणाला, "अक्षे, एसी लाव की! पार उकडून निघालो."

"एसीच्या पैशांचा विमा काढलाय, दादा. खिडकी उघड."

त्याला हसू आलं, तेव्हा जरा बरं वाटलं. एका पाहुण्यानं खिडकीशी वाकून विचारलं, "ड्रायव्हर न्हाई मिळाला व्हय?" तिची नजर समोरच्या पोरांच्या पायांवर होती.

संध्याकाळी घरी आलो. बॉनेटवरच्या फुलांच्या चिकटपट्ट्या ती नखानं काढत होती, तेवढ्यात फोन वाजला. काकाच. आवाज मवाळ.

"अक्षे, पुढल्या महिन्यात आमच्या नूतनला सासरी सोडायचंय. गाडी घेऊन येशील का गं? तूच चालव."

तिनं डोळे मिटले. "रविवार असंल तरच, काका."

फोन ठेवून ती जिन्यावर बसली. मी पाणी आणून दिलं. उरलेल्या पट्ट्या सकाळी, म्हणाली. पण सकाळी एसटीच्याही आधी ती निघून गेली होती, पट्ट्या तशाच घेऊन.