खुर्ची लावून बंद ठेवलेला फ्रीज

आमच्या घरात फ्रीज आला तेव्हा नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत दुसऱ्या कुणाकडे फ्रीज नव्हता. वडील नोटांच्या प्रेसमधून निवृत्त झाले होते आणि मी शाळेत शिकवत होते. देवळालीतलं एक वयस्कर पारशी जोडपं बंगला विकून मुलाकडे कायमचं निघालं होतं. त्यांच्याकडून वडिलांनी तो फ्रीज घेतला. विलायती होता. खांदे गोलसर, दार तिजोरीसारखं जाड, आणि त्याला मोटारगाडीच्या दारासारखा खटका. हातगाडीवरून तो घरी आणला, तेव्हा वडील देवळालीपासून त्याच्या अंगावर हात ठेवून भर उन्हात चालत आले. घरात शिरेना म्हणून दाराची चौकट काढावी लागली. "अशी वस्तू पुन्हा व्हायची नाही," असं ते त्यानंतर येईल त्याला सांगत.

आम्ही घरात दोघंच. आई माझ्या लहानपणीच गेलेली, भाऊ पुण्याला संसारात. एवढ्या मोठ्या फ्रीजमध्ये आमचं दूध, दही आणि चार भाज्या कोपऱ्यात बसायच्या. बाकीचा फ्रीज कॉलनी वापरायची. कुणाचं बारशाचं श्रीखंड, कुणाचे आंबे. उन्हाळ्यात बर्फासाठी तर दाराशी रीघ लागायची.

पण रोज येणारी एकच. शेजारच्या वहिनी. त्या निफाडकडच्या, बौद्ध कुटुंबातल्या. त्यांचे यजमान प्रेसमध्येच होते. त्यांना मधुमेह झाला आणि रोज इन्सुलिन घ्यावं लागू लागलं. आधी वहिनी ती बाटली मडक्यात गार ठेवत. वडिलांना हे कळलं तेव्हा ते स्वतः त्यांच्या दारात गेले. "घरात एवढा फ्रीज असताना मडकं कशाला?" म्हणाले. तेव्हापासून दाराच्या वरच्या कप्प्यात त्यांची बाटली राहू लागली.

वहिनी सकाळी माझ्या चहाच्या वेळी यायच्या. बाटली न्यायच्या, इंजेक्शन देऊन झालं की परत ठेवायला यायच्या. सुरुवातीला दारातूनच वळायच्या. मग मी एकदा चहा पुढे केला. तो त्यांनी उभ्यानंच घेतला. पुढे पुढे त्या ओट्याजवळच्या खुर्चीवर बसू लागल्या. मी डबा भरायची, त्या बोलायच्या. विहारातल्या बायकांचं, गावच्या द्राक्षांचं, मुलाच्या अभ्यासाचं. मला मैत्रीण अशी कधी नव्हती. ही मैत्री आहे, हेही मला तेव्हा सुचलं नाही. त्या बाटलीसाठी येतात, असंच मी धरून चालले होते.

वडील गेले आणि पुढच्याच वर्षी वहिनींचे यजमान गेले. जलदानविधी झाल्यावर एका सकाळी वहिनी आल्या. कप्पा उघडून बाटली काढली, थोडा वेळ हातात धरली आणि पदराखाली घेऊन गेल्या. मी चहाचं विचारलं. "नको, बाई," म्हणाल्या.

त्यानंतर त्या आल्या नाहीत. जिन्यात दिसल्या की हसायच्या. मीही हसायची. आमच्या दोन स्वयंपाकघरांत एकच भिंत होती. त्यांच्या पोळपाटाचा आवाज मला यायचा, माझ्या रेडिओचा त्यांना जात असणार. तरी तिथं जाऊन दार वाजवावं, हे मला जमलं नाही. काय म्हणून जायचं? माझं काही काम नव्हतं.

तोवर घरोघर फ्रीज आले होते. आंबे, श्रीखंड, बर्फ, सगळं बंद झालं. शाळेतून आले की संध्याकाळी कुलूप उघडायचं आणि सकाळपर्यंत कुणाशी बोलायचं नाही, असे दिवस सुरू झाले. कधी कधी पुस्तकातला धडा मोठ्यानं वाचायची. तयारी म्हणायची, पण तो धडा मला पाठ होता.

अशात फ्रीजच्या दाराचं रबर कडक होऊन तडकलं. दार बसेना. आत बर्फाचे थर साचायचे आणि खाली पाणी. दुरुस्तीवाला म्हणाला, "मशीन अजून खणखणीत आहे, पण याचं रबर आता कुठं मिळत नाही." मग मी ओट्याजवळची खुर्ची दाराला टेकवली आणि तिच्यावर वरवंटा ठेवला. दूध काढायचं तर वरवंटा खाली, खुर्ची बाजूला. पुन्हा सगळं जागच्या जागी.

दिवाळीला भाऊ आला. दोन दिवस त्यानं ते पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी म्हणाला, "ताई, हे काय चालवलंयस? नवा घे."

"मशीन चांगलं आहे. अण्णांनी हौसेनं आणलेलं."

"अण्णा असते तर त्यांनीच बदलला असता."

ते खरं नव्हतं. पण मी त्याच्याबरोबर नाशकात द्वारका चौकातल्या दुकानात गेले. दुकानदारानं विचारलं, "घरात माणसं किती?" भाऊ काही बोलायच्या आत मी म्हणाले, "एक." त्यानं आम्हाला अगदी मागच्या बाजूला नेलं आणि माझ्या कमरेला लागेल एवढा फ्रीज दाखवला. मी दार उघडून पाहिलं. हलकं होतं. विचार करून सांगते म्हणाले.

जुना घेऊन नवा द्यायचा म्हणून दुकानाचा माणूस आमचा फ्रीज बघायला आला. तो गेला आणि दारात वहिनी उभ्या.

"बाई, फ्रीज काढताय म्हणं?"

"बघतेय. ठरलं नाही अजून."

त्या आत आल्या. खुर्ची फ्रीजला टेकवलेली, म्हणून ओट्याला टेकून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "काढू नका. लय दिवस यांचं औषध राह्यलं त्यात."

मी चहा टाकला.  मग मीच विचारलं, "तुम्ही येणं का सोडलंत?"

"बाटली होती तवर यायला कारण होतं. मंग काय म्हणून यावं? तुम्ही शिकवणाऱ्या, तुमचा टाइम मोडायचा." मग म्हणाल्या, "तुम्ही बी कधी हाक नाय मारली."

 मी वरवंटा उतरवला, खुर्ची ओढली आणि त्यांना बसायला दिली. चहा होईपर्यंत फ्रीजचं दार मी पाठीनं दाबून धरलं. ते पाहून त्या हसल्या. मलाही हसू आलं.

फ्रीज राहिला. वहिनी पुन्हा येऊ लागल्या, आता संध्याकाळी. त्यांच्यासाठी मी एक स्टूल आणलं. ते दिवस चांगले गेले. शाळा सुटली की माझी पावलं झपझप घराकडे वळायची, हे माझ्या सहकारी बायकांच्याही लक्षात आलं.

पण त्यांच्या मुलाला औरंगाबादला नोकरी लागली आणि तो आईला घेऊन गेला. निघताना त्या म्हणाल्या, "या की तिकडं. कारण लागत नाय." मी एकदा गेले. सून चांगली होती, घर माणसांनी भरलेलं होतं. वहिनी सारख्या नातवाच्या मागे. संध्याकाळच्या गाडीनं मी परत आले.

त्या उन्हाळ्यात एकदा दार नीट न बसल्यानं सगळं दूध नासलं. मी ते ओतून दिलं आणि लक्षात आलं की आता हा फ्रीज ठेवू का काढू, हे कुणाला विचारायचं उरलेलं नाही. दुसऱ्या दिवशी शाळेतून परस्पर द्वारकेला गेले आणि तो लहान फ्रीज सांगून आले.

जुना न्यायला माणसं आली तेव्हा पुन्हा चौकट काढावी लागली. खालची फरशी इतक्या वर्षांत पांढरीच राहिली होती. नव्यानं त्यातली निम्मी जागा घेतली. उरलेल्या जागेत मी पिठाचा डबा ठेवला.