चांगोदादांची करपलेली पोपटी

सभा म्हटलं की माझं डोकं उठतं. कर्जतच्या शाळेत शिकवताना बैठकांना बसून बसून माझा त्यातला रस कायमचा आटला आहे. तरी प्रजासत्ताक दिनाला कळंबजवळच्या एका गावात मी ग्रामसभा बघायला गेले, कारण अंबूबाईंनी बोलावलं होतं. त्या आमच्या दारी भाजी विकायला येतात आणि त्यांना नाही म्हणणं मला आजवर जमलेलं नाही.

त्यांचं दुखणं साधं होतं. नवऱ्याला, म्हणजे चांगोदादांना, गुडघ्यांनी घरी बसवलं होतं. त्या भाजी घेऊन बाहेर, मुलगा साईनाथ मोहोपाड्याला कारखान्यात; दादा दिवसभर भिंतींशी बोलायचे. गावात असे म्हातारे बरेच. शाळेची रिकामी खोली त्यांना दिवसा बसायला द्यावी, असा विषय अंबूबाईंनी दिला होता. तो दरवेळी शेवटी यायचा आणि तोवर माणसं पांगलेली असायची. त्यात दादाच फुरंगटलेले. "मी काय म्हातारा हाय का?"

या खेपेला बाईंनी डोकं चालवलं. पंचायतीच्या अंगणातच पोपटी लावली. भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, मसाला चोळलेली कोंबडी असं सगळं भरून मडकं उपडं घातलं, भोवती पेंढा-लाकडं पेटवली आणि राखायला दादांना बसवलं. आयुष्यात आपली एक शेंग करपली नाही, हे दादा भेटेल त्याला सांगत. वास सुटला तसा एकही माणूस जागचा हलेना.

आत गटारावरून भांडण जुंपलं. मी कंटाळून दादांजवळ येऊन बसले. त्यांनी मडक्यावर पाणी शिंपडलं. चर्र झालं.

"झाली ना हो?"

"झाली. पर गप बसा, बाई. मडक्यावरचा इस्तव बाजूला वडला की सगली खायाला धावतील. तिचा विषय ऱ्हाईल."

गटार संपता संपेना. करपट वास येऊ लागला तसे दादा डोळे मिटून बसले. मला हसूही येत होतं आणि वाईटही वाटत होतं. अखेर सरपंच हर्षलाताईंनी शेवटचा विषय वाचला. हात भराभर वर गेले, खोली मंजूर झाली आणि अख्खी सभा अंगणात लोटली. पुढे अंबूबाई, पदर खोचून.

मडकं उघडलं. निम्म्या शेंगांचा कोळसा.

"चांगोदादा, तुमची पोपटी करपली?" पोरं खो खो हसत सुटली.

मी तोंड उघडणार होते. दादांनी डोळे वटारले. एक काळी शेंग सोलून त्यांनी तोंडात टाकली.

"वास येत नाय रं आता. म्हातारा झालो. ती खोली कवा उघडताय, ते बोला."

 चांगल्या शेंगा तेवढ्या निवडून अंबूबाईंनी आधी दादांच्या पुढ्यात ठेवल्या.