आउटमावशी

तिचं खरं नाव हॉलमध्ये कुणाला ठाऊक नव्हतं. बॅडमिंटनच्या कोर्टावर मागच्या रेषेपाशी बसणारी ती रेषापंच. शटल बाहेर पडलं की अशी खणखणीत 'आउट!' म्हणायची, की वरच्या रांगेत पेंगणारा माणूसही दचकून पायात चपला शोधू लागे. म्हणून ती आउटमावशी.

नवरा गेल्यापासून घरात तोंड उघडायचं ते जेवायला. आवाज काय तो इथेच लागायचा.

यंदा प्रत्येक रेषेवर कॅमेरे बसले. निकाल पडद्यावर. बाकीच्या रेषापंचांना निरोपाचे हार पडले. हिची खुर्ची तेवढी स्पर्धेच्या सेक्रेटरीने भांडून ठेवली.

"मावशी, कॅमेरा रुसला तरच तुम्ही," तो सकाळीच म्हणाला होता. "पण आज एकदा जरी कामी आलात, तर पुढच्या वर्षी खुर्ची राहील. कमिटीचं मी बघतो."

अंतिम सामना रंगात आला आणि शेवटच्या गेममध्ये पडदा काळा पडला. तंत्रज्ञ वायरींशी झटू लागला. "खेळ चालू द्या, मावशी आहेत," पंच म्हणाले. मावशीने पदर खोचला, पाठ ताठ केली.

पुढच्याच रॅलीत शटल उंच आलं. खेळाडू मागे झेपावला आणि त्याचा बूट नेमका तिच्या नजरेच्या आड आला. शटल पडलं. रेषेवर की बाहेर?

सगळा हॉल तिच्याकडे वळला. सेक्रेटरीने दुरूनच मान डोलावली: बोला! 'आउट' ओठांवर आलंच होतं. खरं असण्याची शक्यताही निम्मी होतीच.

मावशीने दोन्ही तळवे डोळ्यांवर ठेवले. रेषापंचाला दिसलं नाही, तर अशीच खूण करायची असते.

पंचांनाही दिसलं नव्हतं. "पॉइंट पुन्हा खेळा."

"घ्या! मशीन आंधळं, मावशी आंधळी!" मागून कुणीतरी ओरडलं. हॉल खदखदून हसला. हशा ओसरेपर्यंत तिने तळवे काढले नाहीत.

पडदा लगेच उजळला. सामना संपल्यावर सेक्रेटरी आला.

"अहो, काहीतरी म्हणायचंत! कोण तपासणार होतं?"

"कुणीच नाही."

"मग?"

"मग काय रे बाबा. नाही दिसलं."

तो चिडला नाही. तेच तिला जड गेलं. "पुढच्या वर्षी बघायला या," तो हळूच म्हणाला. "पुढच्या रांगेतला पास ठेवतो."

बक्षीस समारंभ सुरू झाला. फोटोवाला म्हणाला, "काकू, जरा सरकता का? खुर्ची मध्ये येतेय."

मावशीने स्वतःच खुर्ची उचलली, भिंतीपाशी नेली आणि तिथेच पुन्हा बसली. बाहेर ऊन होतं. घरी जायला अजून फार लवकर होतं.