लॉजवाल्यांची सुट्टी

"पाणी किती दिवसाआड येतं तुमच्याकडं?"

कोकणातल्या एका कॉटेजवाल्या बाईंना मी फोनवर पहिला प्रश्न हा विचारला. मग त्या सावकाश म्हणाल्या, "अहो ताई, पुढे विहीर आहे, मागे समुद्र आहे, आणि वरून अजून पाऊस पडतोय. तुम्हाला नेमकं कुठलं पाणी हवंय?"

माझे यजमान बाजूला बसून खो खो हसत होते. हसा म्हणावं. तुळजापुरात लॉज चालवणाऱ्या घरात चार उन्हाळे काढले की माणूस स्वर्गात गेला तरी आधी टाकी कुठं आहे ते बघेल.

हो, आमचं लॉज आहे. देवळापासून एक गल्ली सोडून, खाली काउंटर, वर खोल्या, गच्चीवर टाकी आणि चादरींच्या दोऱ्या. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. लॉज त्यांचंच, आम्ही दोघं हाताखालची माणसं. सोलापूरच्या गाडीतून, हैदराबादकडनं, कुठून कुठून लोक येतात, आमच्याकडं उतरतात, दर्शन घेऊन जातात. येणारे सगळे फिरायला आलेले आणि आम्ही कायम जाग्यावर. लग्न होऊन या घरात आले तशी मी दुसऱ्याच्या लॉजमधे एकदाही झोपले नव्हते. आत्याबाई तर जन्मात नाही.

त्यात आमची पोरगी झाली. बाळंतपणाला भूमला माहेरी गेले, तिथून परत आले ती थेट लॉजच्या वरच्या कोपऱ्यातल्या खोलीत. त्यानंतर जग म्हणजे दवाखाना आणि गच्ची. लेकरू गुणी आहे, दृष्ट लागण्यासारखं आहे, सगळं खरं. पण मी कंटाळले होते. साफ कंटाळले होते. एक दिवस दूध उतू गेलं म्हणून मी ओट्याशी उभी राहून अशी रडले की यजमान घाबरून म्हणाले, "काय पाहिजे तुला, सांग तरी." मला स्वतःलाच ठाऊक नव्हतं, पण तोंडातून निघालं, "समुद्र."

आता समुद्र काय आमच्या तालुक्यात नाही. आणि जायचं कधी? दिवाळी, उन्हाळ्याच्या सुट्ट्या, पौर्णिमा, मंगळवार, शुक्रवार, आमच्याकडं कायम गर्दी. यजमानांनी पंचांग काढलं आणि बोट ठेवलं ते पितृपक्षावर. गणपती संपलेले असतात, कोकणात कुत्रं फिरकत नाही, भाडं निम्मं. आणि नेमकं त्याच दिवसांत, नवरात्राच्या आधी, आमची देवी निद्रेला जाते. बाहेरच्यांना सांगायला पाहिजे म्हणून सांगते: देवीची मूर्ती सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात. नवरात्रात तिला लढायचं असतं, म्हणून आधी विश्रांती. आहे की नाही शहाणी?

मी हाच मुद्दा घेऊन आत्याबाईंकडं गेले. त्या काउंटरवर बसून किल्ल्यांचे बिल्ले पुसत होत्या.

"आत्याबाई, देवीसुद्धा सुट्टी घेती. आमी तीन दिवस गेलो तर काय बिघडंल?"

त्यांनी मान वर केली नाही. "देवी झोपती गं. पण देवळाचं दार उघडंच असतंय."

झालं. ह्या बाईशी वाद घालायचा म्हणजे भिंतीवर डोकं आपटायचं.

मग एकेक काढायला लागल्या. पितृपक्षात कुणी फिरायला जातं का. मी म्हणाले, मामंजींची तिथी उरकूनच निघू. खारं वारं लेकराला बाधतं. मी म्हणाले, कोकणातली लेकरं मग काय पेटीत ठेवतात? त्यावर त्यांनी हुकमाचा पत्ता टाकला.

"आफ सिझनची खोली तू मला सांगू नको. मी लॉजवाली हाय. गिऱ्हाईक न्हाय म्हणून महिना महिना खोली उघडत न्हाईत. गाद्यांना वास मारतो. वरची चादर तेवढी बदलायची आन अगरबत्ती लावायची. टाकीत शेवाळ. अन् तू तिथं माझ्या नातीला निजवणार?"

एवढं सगळं ठाऊक कसं, असं विचारायची सोय नव्हती. आषाढात आमच्याकडं मागच्या खोल्यांत अगरबत्ती कोण लावतं, ते मी डोळ्यांनी बघितलेलं.

तरी मी फोन केलाच. पाण्याचं वर सांगितलं. पुढं भाव करायला लागले, आणि माझ्या तोंडून आमच्या गिऱ्हाइकांचीच वाक्यं पडायला लागली. "दोनच माणसं आहोत हो, बाळ तर अंगावरच असतं." "नुसतं झोपायला तर यायचंय." "पुढच्या वर्षी सगळं खानदान घेऊन येऊ." ही वाक्यं ऐकून मी स्वतः काउंटरवर किती वेळा दात ओठ खाल्लेत! त्या बाई मात्र शांत. त्यांचं घर लहान, बाजूला दोन कॉटेजं, सगळं एकहाती. म्हणाल्या, "या हो, बाळासाठी वेगळं काही घेणार नाही. पाळणा पण आहे."

पाळणा आहे म्हटल्यावर मी पाघळले. संध्याकाळी आत्याबाईंना सांगितलं. त्यांनी पुन्हा गाद्यांचा विषय काढला. पुन्हा शेवाळ. मग माझं टाळकं सटकलं. लेकरू काखेत, हातात धुतलेल्या दुपट्यांचा ढीग, आणि मी जिन्यातून ओरडले, "एवढी काळजी हाय तर मग तुम्हीच चला की गाद्या हुंगायला!"

टोमणा होता तो. साधा, सरळ, सुनेनं सासूला मारायचा टोमणा. त्याला उत्तर म्हणून दुसरा टोमणा येतो अशी आमच्या घरची रीत. पण आत्याबाई उठल्या. किल्ल्या खुंटीला अडकवल्या आणि आत गेल्या.

सकाळी चहा ढवळता ढवळता म्हणाल्या, "मी हुरडा रंगाचं लुगडं न्यावं का निळं? खाऱ्या वाऱ्यानं रंग जातो म्हणतात."

मी यजमानांकडं बघितलं. यजमानांनी माझ्याकडं बघितलं. पोरगी तेवढी हसली, तिला काय कळतंय.

समुद्रकिनारी आम्ही दोघं, मधे बाळ, संध्याकाळ, असं मी मनात रंगवलेलं. त्यात आत्याबाई बसत नव्हत्या. रात्री खोलीत आल्याबरोबर मी यजमानांवर घसरले. "आता सांगा त्यांना, जागा न्हाय म्हणून. आणि त्या आल्या तर काउंटरवर कोण बसणार?"

"मी बसतो," ते म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हणजे तू जा, आईला घेऊन जा. मी थांबतो."

असला राग आला की विचारू नका. नवऱ्याबरोबर फिरायला जायचं ठरवावं आणि पदरात सासू पडावी! देव देतो तर असं देतो. मी तोंड फिरवून झोपायचं सोंग घेतलं. पण ते बोलत राहिले, आणि ते एरवी फार बोलणारे नव्हेत.

बाबा गेले त्या दिवशी, ते म्हणाले, वर एक लेकुरवाळी बाई उतरली होती. खालची रडारड ऐकून ती पोराला घेऊन जिन्यात आली, म्हणाली, आम्ही दुसरीकडं बघतो. आई बाबांच्या उशाशी बसलेली. तिथून उठली. "तान्हं घेऊन कुठं हिंडता या उन्हात, बसा वर," म्हणाली, आणि स्वतः बादलीभर पाणी तापवून दारात ठेवून आली. मग परत येऊन बसली. "त्या दिवशीसुद्धा दार लावलं न्हाय तिनं. लांबून आलेलं माणूस बंद दारावरून माघारी जाऊ नये, म्हणती. तिला कुणी कधी विचारलंच न्हाय गं, चल म्हणून. मी पण न्हाय. तू विचारलंस."

मी विचारलं नव्हतं, मी टोमणा मारला होता. पण हे सांगायची ती वेळ नव्हती. मी उठून बसले आणि म्हणाले, "निळं न्यायला सांगा. हुरडा रंगाचं त्यांना शोभत न्हाय."

मग मात्र एकच लगीनघाई. आत्याबाईंनी त्या कोकणातल्या बाईंचा नंबर माझ्याकडून घेतला. "मी बोलते लॉजवालीशी," म्हणाल्या. मला वाटलं, संपलं, आता भांडण काढून बुकिंग घालवणार. मी जिन्यात कान देऊन बसले. सुरुवात गाद्यांवरनंच झाली. पण पुढं वेगळंच.

"तुमच्याकडं चादरी वाळत्यात का हो पावसात? ... व्हय का! आमच्याकडं ऊन लई, पण धुवायला पाणी न्हाय ... टावेल नेत्यात का? आमच्याकडं पण नेत्यात! देवीला आलेली माणसं, आन टावेल चोरत्यात, सांगा आता ... न्हाय हो, मी आजवर कुठली गेले बाहेर. तुम्ही? ... कुलदैवत आमचीच देवी तुमची? मग आला न्हाईत कधी? ... व्हय. व्हय, ते खरंच. मागं कोण बघणार."

एकीचा समुद्र दुसरीनं बघितलेला नाही, आणि एकीची देवी दुसरीनं. मग आत्याबाई म्हणाल्या, "आमच्याकडं लांबून बाळ आलं की मी दारात भाकरीचा तुकडा ओवाळते, पायावर पाणी घालते, मगच आत घेते. कुणाचं का असंना. कधी चुकवलं न्हाय."

पलीकडनं काय उत्तर आलं ते मला ऐकू आलं नाही.

सामानाचं काय सांगू. बाळाची दुपटी, घुटीचं साहित्य, वावडिंग, दृष्टीची काळी तीट, हे ठीक. पण त्याशिवाय घरच्या चार चादरी, उशांचे अभ्रे, फिनेलची बाटली, डांबरगोळ्या. धपाट्यांचा डबा, शेंगाची चटणी. आणि पाण्याचा कॅन! "आत्याबाई, कोकणात पाण्यात बुडायची पाळी आलीय, आणि तुम्ही कॅन भरता?" तर म्हणाल्या, "पाणी कधी कुणाला सांगून जात न्हाय." कॅन आला. कोल्हापूरपर्यंत माझ्या पायाशी एसटीत डुचमळत होता.

निघायच्या दिवशी आत्याबाई उंबऱ्यापर्यंत आल्या आणि थांबल्या. लेकाला सांगायला लागल्या: आठ नंबरची कडी सैल हाय, म्हाताऱ्या माणसाला वरची खोली देऊ नको, लेकुरवाळी आली तर... यजमान म्हणाले, "आई, मला ठाऊक हाय." तरी पुन्हा पहिल्यापासून. शेवटी पोरीनं भोकाड पसरलं म्हणून निघालो, नाहीतर गाडी गेलीच होती. गल्लीच्या तोंडापर्यंत त्या मागं बघत होत्या, दार उघडं आहे ना म्हणून. उघडं होतं. यजमान काउंटरवर बसलेले दिसत होते, आणि त्यांनी किल्ल्यांचा जुडगा वर करून हलवून दाखवला.

घाट उतरताना पाऊस, गर्द हिरवं, पोरगी झोपलेली. आत्याबाई खिडकीला नाक लावून बसल्या होत्या. "एवढं पाणी," म्हणायच्या, "एवढं पाणी नुसतं वाहून चाललंय." एखाद्याचे पैसे सांडावेत तशा हळहळत होत्या.

पोचलो तेव्हा दिवस कलला होता. लाल चिऱ्याचं घर, दोन पायऱ्या, आणि दारात त्या बाई उभ्या. आत्याबाईंच्याच वयाच्या, तशाच सुकलेल्या हाताच्या. एका हातात तांब्या, दुसऱ्या हातात भाताचा मुटका. भाकरी नव्हती, कोकण ते. मी बाळाला घेऊन पायरीखाली उभी राहिले. आत्याबाईंनी पिशव्या ठेवल्या, चपला काढल्या, आणि सरळ पायऱ्या चढून उंबऱ्याच्या आत, त्या बाईंच्या शेजारी जाऊन उभ्या राहिल्या. तिथनं माझ्याकडं तोंड केलं आणि तांब्या घ्यायला हात पुढं केला. त्यांना कळलंच नव्हतं आपण काय केलं ते. दार म्हटलं की त्यांची जागा आत.

त्या बाई हसल्या. तांब्या दिला नाही. "अहो, तुम्ही कुठे आत? तुम्ही पाहुण्या ना? उतरा बघू खाली."

आत्याबाई गोंधळल्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी सरकून जागा केली. त्या दोन पायऱ्या उतरल्या, माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या आणि पदर नीट केला. बाईंनी बाळावरून मुटका ओवाळला, मग माझ्यावरून, मग तोच हात आत्याबाईंवरून फिरवला. बाळाच्या तळव्यांना ओला हात लावला, माझ्या पायांवर पाणी घातलं. मग वाकून आत्याबाईंच्या पायांवर.

आत्याबाई खाली बघत राहिल्या. पाणी बोटांमधून वाहून चिऱ्यावर पसरलं. घराच्या मागं समुद्राचा आवाज येत होता, आम्ही कुणी अजून तो बघितला नव्हता.

"आजवर कितीकांच्या पायावर घातलं मी," त्या मला म्हणाल्या. "एवढं गार लागतं व्हय गं?"