ताईने आखलेला चढाचा रस्ता

वादळाने आमच्या दिवेआगरच्या वाडीतल्या पोफळी आडव्या केल्या, त्यानंतरच्या हिवाळ्यात ताईने सायकल बाहेर काढली. ती बोर्लीच्या शाळेत खेळाची शिक्षिका होती. मी घरची वाडी आणि पाहुण्यांच्या खोल्या बघायचो. पण त्या वर्षी वाडी उघडीबोडकी होती आणि पाहुणेही नव्हते. मी नुसता ओटीवर बसून राहायचो.

"ऊठ," ती म्हणाली. "असाच बसलास तर तूही आडवा होशील."

तिला एक ठरलेला रस्ता हवा होता. महिन्यातून एकदा त्यावर सायकल मारायची आणि आपल्या अंगात किती दम आहे ते बघायचं. मी म्हटलं, समुद्राकडेने सपाटीवर जाऊया.

"सपाटीवर वारा पाठीशी असला की कोणीही पैलवान," ती म्हणाली. "चढ हवा."

मग आम्ही कित्येक रविवार रस्ते तपासत फिरलो. शेवटी तिने ठरवलं ते असं. आमच्या फाटकापासून भरडखोल, तिथून शेखाडीचा चढ, मग आरावीला समुद्राच्या अगदी कडेने दम परत आणायचा, श्रीवर्धनला चहा न पिता वळायचं आणि घाटाने बोर्लीवरून घरी. घाट आधी घेऊया, पाय ताजे असतात, असं मी सुचवलं होतं.

"ताज्या पायांनी काय कळणार?" एवढंच ती म्हणाली.

नियमही तिचेच. पहाटे निघायचं, म्हणजे वारा नसतो आणि मुंबईच्या गाड्याही नसतात. चढावर पाय टेकवायचा नाही. माथ्यावर पोचलं की न थांबता तेराचा पाढा मोठ्याने म्हणायचा. जितक्या वेळा मधे श्वास घ्यावा लागेल तितके आपण कच्चे. पहिल्यांदा मला तेर चोक बावन्नच्या पुढे जाता आलं नाही. ती मात्र तेर दाहे एकशे तीसपर्यंत जाऊन माझ्याकडे बघत हसत उभी होती.

मी सुधारलो. पोट उतरलं, झोप लागू लागली. वाडीत नवी रोपं लावायला घेतली. दर महिन्याला ताई घाटाच्या माथ्यावर माझी वाट बघत असायची, आणि दर महिन्याला तिला थोडं कमी थांबावं लागायचं.

एका थंडीत मी तिच्या आधी वर पोचलो.

मागे बघितलं तर ती वळणावर होती, सायकल हातात धरून चालत होती. मी आनंदाने ओरडलो. ती वर आली तेव्हा तिचा चेहरा लाल झाला होता, पण ती हसली आणि माझ्या पाठीत धपाटा घालून म्हणाली, "शिकलास शेवटी! माझा डावा पायच आज ऐकत नाही."

पुढच्या वेळी तो पाय शेखाडीलाच ऐकेना. चढाच्या पायथ्याशी मासळी वाळत घालणारी एक कोळीण आम्हाला नेहमी हात करायची. तिने विचारलं, "मास्तरीणबाय, आज चालत व्हय?" ताई म्हणाली, चेन पडलीय. चेन जागेवर होती.

माथ्यावर तिने पाढा सुरू केला. दम लागला नव्हता, श्वास शांत होता. पण शब्द जिभेवरून घसरत होते, दारू प्यालेल्या माणसासारखे. ती मधेच थांबली. आम्ही दोघंही समुद्राकडे बघत उभे राहिलो.

मुंबईच्या डॉक्टरांनी खूप तपासण्या केल्या. स्नायूंना हुकूम देणाऱ्या नसाच मरत चालल्यात, असं त्यांनी सांगितलं. औषध आहे का, मी विचारलं. त्यांनी चष्मा काढून पुसला. परतीला गाडी मी चालवत होतो, ताईने खिडकीला डोकं टेकवलं होतं. माणगावच्या आसपास ती म्हणाली, "बरा रस्ता आखला होता रे आपण. नाहीतर आणखी वर्षभर कळलं नसतं." मला गाडी बाजूला घ्यावी लागली.

त्यानंतर ती रस्ता छाटत गेली. आधी घाट वगळला. मग शेखाडी. मग नुसतं गावातून चालत किनाऱ्यापर्यंत, माझ्या खांद्यावर हात ठेवून, आणि परत येताना वाळूचा एक लहानसा उंचवटा. त्याच्यावरून मी तिला उचलून घेऊ लागलो तर ती रागावली. "चढ काढलास तर चाचणी कसली?" हे वाक्य बोलायला तिला खूप वेळ लागला. ते पुरं होईपर्यंत मी तिथेच उभा राहिलो.

चाकाची खुर्ची आली तेव्हा मी चिरे आणून अंगणातून ओटीपर्यंत उतार बांधला. उतार किती असावा हे तिनेच बोटाने दाखवलं. मी केला त्यापेक्षा तिला तो थोडा अधिक उभा हवा होता. आई म्हणाली, "कशाला गो जिवाला त्रास?" ताईने मान हलवली. उभाच हवा. काही दिवस तिने उजव्या हाताने चाक ढकलून स्वतःला वर आणलं. मी मागे, हात लावल्यासारखे करून न लावता, चालत असायचो. वर आली की ती डोळ्यांनी विचारायची, आणि मी म्हणायचो, कालपेक्षा लवकर. कालपेक्षा लवकर कधीच नव्हतं. तिला ते माहीत होतं.

ती गेली ती आषाढात, दुपारी, पेज भरवताना. आईच्या हातात चमचा तसाच राहिला.

आता पोफळी पुन्हा माणसाच्या वर गेल्यात. खोल्या भरतात. कधी पाहुणे गाडीवर सायकली बांधून येतात आणि इथला चढाचा रस्ता विचारतात. मी भरडखोलची दिशा दाखवतो आणि वाडीत निघून जातो. मी स्वतः श्रीवर्धनला बसने जातो, घाट आला की डोळे मिटून घेतो.

तो उतार पाहुण्यांच्या गाड्यांना आडवा येतो. गवंडी दोनदा विचारून गेला, फोडू का म्हणून. आईचे गुडघे धरलेत, ती आता पायऱ्यांऐवजी त्याच्यावरूनच ये-जा करते. वर आली की खांबाला धरून उभी राहते. मी पाणी आणून देतो. ती म्हणते, "फार उभा केलास रे," आणि पदराने तोंड पुसते.