अपशकुनी शिंका
न्हावऱ्याला सून म्हणून आले, तेव्हा सकाळी अंथरुणं काढायचं काम माझ्याकडं आलं. वाकळा झटकल्या की शिंका सुरू व्हायच्या, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. घरातली माणसं बाहेर पडायची वेळही नेमकी तीच. कांद्याची गाडी निघाली, की मी शिंकले. सासरे, म्हणजे आबा, उंबऱ्यावरून माघारी फिरत, पाणी पीत आणि पुन्हा निघत. तोंडानं काही बोलत नसत. बोलायची ती थोरली जाऊ. भाव पडला तरी तिला माझी शिंक आठवायची. तिनंच मग रीत पाडली: कुणी निघालं की मी गोठ्यात जाऊन बसायचं. वर्षानुवर्षं मी बसले. म्हशीच्या अंगाला टेकून शिंकायची आणि मनात जावेला म्हणायची, बाई, तुझाही दिवस येईल.

गेल्या हिवाळ्यात छातीतून शिट्टी वाजायला लागली, तशी मी शिरूरला दवाखान्यात गेले. मालक कारेगावात कंपनीत ड्युटीला, म्हणून जाऊ सोबत आली. माझं नाटक उघडं पडलेलं तिला बघायचं होतं.

डॉक्टरांनी हातावर थेंब टाकून बारीक सुया टोचल्या. थोड्या वेळानं एका थेंबाखाली गांधीलमाशी चावल्यासारखी गाठ उठली. ते म्हणाले, गादी-वाकळांच्या धुळीत डोळ्यांना न दिसणारे किडे असतात, त्यांची ही ॲलर्जी. फार जणांना असते. कित्येकजण सर्दीचा कोठा समजून जन्म काढतात.

जाऊ नाकाला पदर लावून बसली होती. तिलाही घरात सगळे सर्दीचा कोठाच म्हणत.

मी म्हणाले, "डॉक्टर, अक्कांची बी करा. त्यांचं नाक बारा महिने गळतंय."

ती नको नको म्हणत राहिली, पण डॉक्टरांनी समजावल्यावर हात पुढं केला. तिची गाठ माझ्यापेक्षा मोठी आली. मी ती पोटभर बघून घेतली.

डॉक्टरांनी वाकळांना हात लावू नको सांगितल्यामुळं ते काम जावेवर गेलं. तिलाही तेच सांगितलं होतं, पण घरात त्याची आठवण मी कशाला करून देऊ? एका सकाळी आबा बाजाराला निघाले आणि ती शिंकली. मी चहा ढवळत सावकाश म्हणाले, "अक्का, आबा निघाल्यात. गोठ्यात जाऊन बसा."

तिनं आबांकडं बघितलं. आबा चप्पल घालत म्हणाले, "शिंकंनं काय हुतंय? धूळ हाय ती." आणि माघारी न फिरता निघून गेले.

एवढं एक वाक्य त्यांना माझ्यासाठी कधी सुचलं नव्हतं. त्या दिवसापासून आबांच्या चहात मी साखर कमीच घालते.

जाऊ मात्र आपल्या पायांनी गोठ्यात गेली. मी खिडकीतून बघत राहिले, चहा उतू गेला तरी.

पुढं तिनं विचारलं, डॉक्टरांनी सांगितलेल्या, धूळ अडवणाऱ्या गादीच्या त्या खोळी कुठं मिळतात. बघून सांगते म्हणाले आणि चांगले पंधरा दिवस लावले. दुकान शिरूरच्या स्टँडसमोरच आहे.