काचेवरची बोटं

मुलांच्या वॉर्डातल्या खेळण्यांच्या कपाटाची काच रोज सकाळी पुसायचं काम माझ्याकडे आहे. वरची काच कायम लख्ख असते. माझ्या कमरेखाली मात्र बोटांचे, नाकांचे, एखाद्या जिभेचेही ठसे असतात. कपाटाला कुलूप आहे. देणगीदार पाहुणे आले की फोटोपुरतं ते उघडतं.

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला असलेल्या माझ्यासारख्या विद्वानाला हे कोण सांगणार? मला खिळ्याला टांगलेली किल्ली दिसली. मी कपाट उघडलं आणि सलाइन लावून पडलेल्या पाच वर्षांच्या सोनूला लाल ट्रक दिला. खेळणी खेळायची असतात, अशी माझी समजूत होती.

"ब्रदर, उद्या पाहुण्यांना मोडका ट्रक दाखवायचा का?" मोठ्या सिस्टरांनी विचारलं.

मी बाणेदारपणे शेपूट घातली आणि पोराच्या हातून ट्रक काढून घेतला. सुई टोचताना वॉर्ड डोक्यावर घेणारा सोनू रडला नाही. "दादा, तुला ओरडल्या का रे?" एवढंच म्हणाला.

तो राग अजून उतरलेला नाही. सिस्टरांवरचा थोडा, पाहुण्यांवरचा बराच आणि उरलेला सगळा स्वतःवरचा. इथे औषध वेळेवर मिळतं, पण ट्रकसाठी मुलानं बरं होऊन घरी जायचं.

आता मी कमरेखालची काच पुसत नाही.

"ब्रदर, खाली राहिलंय."

"कंबर धरलीय, सिस्टर."

पुढचे पाहुणे फोटो काढतील, तेव्हा ती बोटंही त्यात येऊ देत.